काम एकच, पगार तीन

१६ जुलै २०२४ रोजी सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात, विमानतळावरच्या कामांसाठी भरती होती. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी कंपनीला विमानात सामान चढवणारे-उतरवणारे आणि धावपट्टीलगतची वाहने चालवणारे कामगार हवे होते. जागा २,२१६ होत्या. आलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रांनी पंचवीस हजारांच्या आसपास दिला. रेटारेटी आवरेना तेव्हा बायोडेटा ठेवून घरी जा, असे मुलांना सांगण्यात आले. दहावी पास चालेल अशा हमालीच्या कामासाठी पदवीधरही रांगेत उभे होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: बेरोजगारी. तो चुकीचा नाही, पण पुरेसाही नाही. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात कुठल्याही स्टेशनाबाहेर पाच मिनिटे उभे राहिले तरी ‘पाहिजेत’च्या चिठ्ठ्या दिसतात. डिलिव्हरी बॉय पाहिजेत, सिक्युरिटी पाहिजे, हाउसकीपिंगला बायका पाहिजेत, दुकानात हेल्पर पाहिजे. कामाची इथे वानवा नाही. कलिन्याला आलेले सगळेच तरुण घरी रिकामे बसलेले असतील, असे समजणे भाबडेपणाचे आहे. यातले कित्येक कुठे ना कुठे राबत असणार आणि त्या दिवशी खाडा करून आले असणार. त्यांना ओढून आणले ते महिन्याला वीस ते पंचवीस हजारांच्या घरातला पगार, त्यावर ओव्हरटाइम आणि हजेरीपटावर स्वतःचे नाव, एवढ्याच गोष्टींनी. गंमत म्हणजे ही नोकरीही कायम नव्हतीच. कंपनीची भरती ठरावीक मुदतीच्या करारावर होते. तरीही गर्दी झाली, कारण तसलेच ओझे उचलण्याचे काम विमानतळाच्या कुंपणाबाहेर ज्या भावाने मिळते, तो भाव या मुलांना पाठ असतो.

उपनगरांतल्या रोजगाराबद्दल बोलताना आपण व्यवसायांची उतरंड गृहीत धरतो. झाडूवाल्यापेक्षा वॉचमनला जास्त, वॉचमनपेक्षा ड्रायव्हरला जास्त, ड्रायव्हरपेक्षा आयटीआय झालेल्या फिटरला जास्त, आणि जो अधिक शिकला तो पुढे गेला. ही उतरंड कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात मात्र या पट्ट्यात माणूस काय काम करतो एवढे सांगून त्याच्या पगाराचा अंदाज बांधता येत नाही. पगारपत्रकावर सही कोणाची आहे, ते विचारावे लागते. पालिकेची, बेस्टसारख्या उपक्रमाची की ठेकेदाराची? ठेकेदाराची असेल तर ठेकेदार थेट की पोटठेकेदार? एकाच कामाला दोन-तीन भाव आहेत आणि त्या भावांमधले अंतर दोन वेगवेगळ्या व्यवसायांमधल्या अंतरापेक्षा मोठे आहे. पालिकेचा कायम सफाई कामगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जे घेतो, ते खासगी कंपनीतल्या पदवीधर कारकुनाला स्वप्नवत वाटावे. त्याच गल्लीत ठेकेदाराचा झाडूवाला मात्र किमान वेतन पूर्ण मिळाले तरी सुटलो म्हणतो. सरकारी पाहण्या व्यवसायागणिक सरासरी काढतात आणि त्या सरासरीत हे सगळे भाव विरघळून जातात. देशभरच्या श्रमबल पाहणीत एक गोष्ट मात्र दरवर्षी ठळक दिसते. शेतीबाहेर नियमित पगारावर काम करणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांकडे नोकरीचा लेखी करारच नसतो. पगारदार म्हणवणाऱ्यांची ही गत.

पूर्वी सगळे समान होते, असा उसासा टाकण्यात अर्थ नाही. तसे ते कधीच नव्हते. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड असा लाल बहादूर शास्त्री मार्गाला लागून जो कारखान्यांचा पट्टा उभा राहिला, त्यात मोटारी होत्या, रंग होते, टायर होते, विजेची यंत्रे होती, औषधे होती. औषध कंपनीतला कामगार गिरणीतल्या कामगारापेक्षा बराच वर होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपामागे जी अस्वस्थता होती, त्यात उपनगरातल्या या कामगाराचा वाढता पगार डोळ्यांसमोर दिसत होता, हेही एक कारण होते. डॉ. दत्ता सामंत स्वतः घाटकोपरच्या पंतनगरात वैद्यकी करता करता खाणकामगारांच्या प्रश्नात पडले आणि इंजिनीअरिंग कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून देणारा नेता म्हणून गिरणगावाने त्यांना बोलावून नेले. पण तेव्हाची तफावत कंपनी-कंपनीतली होती. हा कारखाना नफ्यात, तो तोट्यात; इथे युनियन जागी, तिथे झोपलेली. एका गेटातून आत जाणारा फिटर आणि त्याच्या शेजारच्या यंत्रावरचा फिटर यांची सॅलरी स्लिप बहुधा सारखीच असे, आणि फरक असला तर सेवेच्या वर्षांचा असे. आता त्या पट्ट्यावर मॉल, गृहसंकुले आणि काचेच्या इमारती आहेत. काम त्या जमिनीवरून गेले नाही. एका मॉलमध्ये पहारा, सफाई, पार्किंग, लिफ्ट, वातानुकूलन, दुकानांतली विक्री आणि मालाची ने-आण मिळून पुष्कळ माणसे लागतात. पण मॉलच्या मालकाच्या पगारपत्रकावर त्यातली मोजकीच असतात. तफावत कंपनी-कंपनीतून निघून एकाच गेटाच्या आत आली, हा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला खरा बदल आहे.

पालिकेचेच उदाहरण पाहू, कारण तिथे कागद उपलब्ध आहेत. कचरा उचलण्याचे आणि वाहून नेण्याचे काम मुंबई महापालिका कायम कामगारांकडूनही करून घेते आणि कंत्राटदारांकडूनही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली २,७०० कंत्राटी कामगारांचे प्रकरण न्यायाधिकरणात नेले. हे कामगार पालिकेच्या वॉर्डात, पालिकेच्या वेळेत, पालिकेच्या मुकादमाच्या हुकमाखाली पालिकेचाच कचरा उचलतात. मग मधला ठेकेदार हा केवळ देखावा आहे, असे संघाचे म्हणणे. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये ते मान्य केले, उच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. त्यानंतरही कागदपत्रांत नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकासारख्या कारणांवरून कित्येकांची प्रकरणे रेंगाळली. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की निकाल लागला त्या दिवशी या माणसांच्या कौशल्यात काडीचाही फरक पडला नव्हता. त्यांचे शिक्षण वाढले नव्हते, उपनगरात कचरा वाढला म्हणून मागणी वाढली असेही नव्हते. सही बदलली आणि पगार बदलला. वेतन हे मागणी-पुरवठ्याने ठरते, असे सांगणाऱ्यांनी या २,७०० जणांचा हिशेब एकदा मांडून दाखवावा. झोपडपट्ट्यांतली सफाई तर पालिकेने आणखी स्वस्त केली. आधी दत्तक वस्ती आणि मग स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान या नावांखाली स्थानिक संस्थांकडून ‘स्वयंसेवक’ घेतले, त्यांना मानधन दिले आणि किमान वेतनाचा प्रश्नच पटावरून उचलला.

शहरात बस चालवणाऱ्या बेस्टची गोष्ट आणखी स्पष्ट आहे, कारण तिथे दोन पगार एकाच बसमध्ये शेजारी बसले. बेस्टकडे एके काळी चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०१८-१९ पासून ठेकेदाराची गाडी, ठेकेदाराचाच चालक आणि बेस्टचे पैसे अशी भाड्याची पद्धत आली. जून २०१९ मध्ये युनियनशी झालेल्या करारात ३,३३७ स्वमालकीच्या गाड्या राखण्याचे बेस्टने लिहून दिले होते. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या भाड्याच्या आहेत. ही पद्धत आली तेव्हा चालक ठेकेदाराचा आणि तिकीट फाडणारा वाहक बेस्टचा, अशी जोडी एका फेरीवर निघत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या चालकांनी अचानक काम थांबवले, त्याची सुरुवात घाटकोपर आणि मुलुंडच्या आगारांतून झाली आणि पाहता पाहता लोण शहरभर पसरले. महिन्याला अठरा हजारांच्या आसपास मिळतात, ते पंचवीस हजार करा, ही मागणी. उपनगरातल्या प्रवाशांचे आठवडाभर हाल झाले आणि रागही निघाला, तो बहुतेक चालकांवर. एकाच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून, तेवढीच माणसे घेऊन जाणाऱ्या दोन चालकांच्या पगारात एवढा फरक का, हा प्रश्न विचारायला फार कोणी थांबले नाही. त्याआधी २०२२ मध्येच एका ठेकेदाराने परवडत नाही म्हणून आपल्या गाड्या काढून घेतल्या होत्या. म्हणजे कामगाराला कमी देऊनही व्यवहार टिकत नाही. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्याला भाड्याच्या इलेक्ट्रिक बसने माणसे चिरडली, तेव्हा चालकाला त्या प्रकारच्या गाडीचे प्रशिक्षण किती मिळाले होते, यावर चर्चा झाली. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. पण चालक टिकवण्यात आणि त्याला शिकवण्यात ज्याचा दीर्घकाळचा स्वार्थ नाही, त्याच्या हाती शहराची वाहतूक सोपवली, की जबाबदारी शोधत फिरावे लागते.

आता ज्या व्यवसायाशी या लेखाच्या बहुतेक वाचकांचा रोज संबंध येतो, तिकडे वळू. उपनगरात वॉचमन नाही अशी इमारत शोधावी लागते. महाराष्ट्राने या व्यवसायासाठी १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याआधी १९६९ मध्ये अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून हमालांसाठीचा माथाडी कायदा आला होता. त्याचीच ही दुसरी आवृत्ती. रचना साधी आहे. मालकाने कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे नोंदणी करायची, कामगारानेही करायची. वेतन आणि त्यावर ठरावीक लेव्ही मालक मंडळात भरतो. मंडळ त्यातून कामगाराला पगार देते आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस बघते. कामाची जागा बदलली तरी नोकरी तुटत नाही. हंगामी, फिरत्या, विखुरलेल्या कामाला कायम नोकरीची सुरक्षितता कशी द्यावी, याचे इतके नेमके उत्तर देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि ते आपल्या हमालांनी शोधले. पण सुरक्षारक्षकांच्या कायद्यात कलम २३ आहे. एजन्सीचे रक्षक मंडळाच्या रक्षकांपेक्षा कमी फायद्यात नसतील, तर त्या एजन्सीला सूट मिळू शकते. कागदावर ही अट कडक आहे. प्रत्यक्षात निळ्या गणवेशातला मंडळाचा रक्षक बँकेच्या नाहीतर सरकारी कार्यालयाच्या दारात दिसतो, आणि रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या खुर्चीवर एजन्सीचा माणूस बारा तास बसलेला असतो. दोघांचे काम सारखे: वही, शिट्टी, गेट, पंप चालू करणे, कुरिअर घेणे.

या बारा तासांचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा, म्हणजे महिन्याला २६ दिवस आठ-आठ तास धरले तर २०८ तास. बारा तासांची ड्युटी आणि सुट्टी नाही, असे ३० दिवस भरले तर ३६० तास होतात. वरच्या १५२ तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा, म्हणजे तो ३०४ तासांइतका. एकूण ५१२ तासांचा पगार देणे लागते. समजा या माणसाला महिन्याला १८,००० रुपये मिळतात. ऐकायला आकडा वाईट वाटत नाही. पण ५१२ने भागून २०८ने गुणले, की त्याचा खरा पगार आठ तासांच्या हिशेबाने ७,३०० रुपयांच्या आसपास येतो. मुंबईत, या काळात. त्यातून गणवेशाचे पैसे, आणि अनेकदा एजन्सीने भरायचा पीएफचा वाटाही त्याच्याच गळ्यात. मूळ पगार कागदावर असा बसवला जातो, की भविष्यनिर्वाह निधीची १५,००० रुपयांची मर्यादा आणि कर्मचारी राज्य विमा योजनेची २१,००० रुपयांची मर्यादा यांच्या सोयीने सगळे जुळून यावे. ही २१,००० ची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तशीच आहे. अंधेरीत मरोळला, कांदिवलीला आणि मुलुंडला कामगार विमा रुग्णालये उभी राहिली, ती या भागातल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी. मरोळच्या रुग्णालयाला डिसेंबर २०१८ मध्ये आग लागली आणि पुढची कित्येक वर्षे ते पूर्ववत चालू झाले नाही. त्या परिसरातला कारखान्यांचा कामगार तोवर पांगला होता, म्हणून फार आरडाओरडा झाला नाही, असे वाटते. विमा कापला जाणारा वॉचमन मात्र तिथेच आहे.

कोणी म्हणेल, माणसांचा पुरवठाच एवढा आहे, की भाव पडणारच. गावाकडून आणि उत्तरेकडून रोज गाड्या भरून येतात, त्याला कायदा काय करणार? ही शंका गंभीर आहे आणि तिचे उत्तर उपनगरातल्याच दुसऱ्या एका व्यवसायात सापडते. भांडी, केर-लादी, पोळ्या, स्वयंपाक ही कामे करणाऱ्या बायकांना ना किमान वेतन मिळते, ना त्यांची मोठी युनियन आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात कल्याण आहे, वेतनाचा दर नाही. इथेही पुरवठा भरपूर आहे. तरीही एका इमारतीत भांड्यांचा एक रेट असतो, लादीचा एक असतो. नवी बाई आली तर आधीच्या बाया तिला तो सांगतात, आणि त्याखाली जाऊन काम धरले तर ती गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या विंगांत पोचते. नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या गवंड्याचा, रंगाऱ्याचा, बिगाऱ्याचा दिवसाचा भावही असाच त्या नाक्यापुरता ठरलेला असतो. हे भाव कमी आहेत, यात वाद नाही, आणि पावसाळ्यात काम मिळेलच याची खात्री नाही. पण एका कामाला एकच भाव आहे. म्हणजे पुरवठा जास्त असला की भाव खाली येतो, हे खरे; तो दोन-तीन तुकड्यांत फाटतो तो पुरवठ्यामुळे नाही. जिथे घेणारा आणि देणारा समोरासमोर आहेत, तिथे फूट दिसत नाही. जिथे मध्ये निविदा उघडली जाते, तिथे ती दिसते. निविदेत पालिका, बेस्ट, मॉल किंवा सोसायटी हे एकच गोष्ट विकत घेतात: सर्वांत कमी आकडा. ठेकेदाराला डिझेल, गाडी, गणवेश, व्याज यांत फार कापता येत नाही; उरतो पगार. मग स्पर्धा कार्यक्षमतेची राहत नाही, कोण किती कमी पगारात माणूस टिकवतो याची होते. आणि ‘परप्रांतीय आले म्हणून’ हे उत्तर इथे सोयीचे असले, तरी कलिन्याच्या रांगेत मराठी मुलेही होती आणि भाड्याच्या बसच्या स्टिअरिंगवरही आहेत. ठेकेदाराच्या हजेरीपटावर सगळे एकाच भावाने विकले जातात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एक काम, एक दर असा नियम केला तर सोसायट्या वॉचमन काढून टाकतील, कॅमेरे बसवतील, पालिकेचे अंदाजपत्रक फुगेल, कामे जातील. हिशेब करू. साठ घरांची सोसायटी, एका गेटवर चोवीस तास पहारा. आज दोन माणसे बारा-बारा तास करतात. प्रत्येकी १८,००० धरले तर ३६,००० रुपये. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि आठवड्याची सुट्टी धरली तर त्या जागेला साडेतीन माणसे लागतात. त्याच पगाराने ६३,०००. फरक २७,००० रुपयांचा, घरटी ४५०. लेव्ही, गणवेश आणि कर धरून ७०० समजू. ज्या सोसायटीत पुनर्विकासाच्या चर्चेत चौरस फुटांवरून रात्री अकरापर्यंत सभा चालते, तिथे हा आकडा न पेलणारा आहे, असे म्हणवत नाही. जुन्या, निवृत्त लोकांच्या छोट्या इमारतींना तो जड जाईल, हे मान्य. त्यांनी रात्रीपुरता एक रक्षक ठेवावा, किंवा दोन-तीन इमारतींनी मिळून ठेवावा. पण बारा तासांची ड्युटी आठ तासांच्या भावात घ्यायची आणि वार्षिक सभेत कमिटीने मेंटेनन्स वाढू दिला नाही म्हणून टाळ्या घ्यायच्या, हा खर्च वाचवणे नाही. तो खर्च दुसऱ्याच्या संसारातून घेतलेला आहे. आणि त्याच ४५० रुपयांतून प्रत्येक गेटावर दीड माणसाला नवे काम मिळते, हे ‘कामे जातील’ म्हणणाऱ्यांनी मोजलेलेच नसते.

मंडळे म्हणजे भ्रष्टाचार आणि खंडणी, हा तिसरा आक्षेप. त्याला तोंड द्यावेच लागेल. माथाडीच्या नावाखाली टोळ्या उभ्या राहिल्या, न उचललेल्या मालाची हमाली मागितली गेली, नव्या इमारतीत फर्निचर आणणाऱ्याला अडवले गेले, हे खोटे नाही. सरकारनेही बोगस माथाडींना आवर घालण्यासाठी कायद्यात दुरुस्ती आणली. पण खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे. तो मंडळाच्या रचनेतून निपजत नाही, मंडळ निष्क्रिय ठेवल्यामुळे त्याला रान मोकळे मिळते. मंडळावर वर्षानुवर्षे प्रतिनिधी नेमायचे नाहीत, निरीक्षकांची पदे भरायची नाहीत आणि मग मंडळ चालत नाही म्हणायचे, हा जुना डाव आहे. कायम माणूस काम करत नाही, हेही असेच एक वाक्य. कोणी करत नसेल तर ते मुकादमाचे आणि वरच्या अधिकाऱ्याचे अपयश आहे. शिवाय मंडळाचा रक्षक एका मालकाला नको असेल, तर त्याला परत पाठवता येते. त्याची नोकरी मंडळाकडे राहते. मालकाला मोकळीक आणि कामगाराला सातत्य या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवण्याची सोय तिथे आहे आणि नेमकी तीच आपण वापरत नाही.

कौशल्याचा मुद्दा राहिला. सरकार म्हणते, मुलांनी हुनर शिकावे. मुलुंडला, अंधेरीला, कुर्ल्याला आयटीआय आहेत आणि तिथली मुले शिकतातही. पण २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. प्रशिक्षणाची रक्कम म्हणून ती समजून घेता येईल. तरी राज्य स्वतःच प्रशिक्षित फिटरला दिवसाला तीनशेच्या आसपास मोजते, तेव्हा बाजाराने त्यापासून काय बोध घ्यावा? अ‍ॅपवरून एसी दुरुस्त करणाऱ्या किंवा जेवण पोचवणाऱ्या मुलाच्या हाती महिन्याअखेर कदाचित या सगळ्यांपेक्षा जास्त पैसे पडतील, पण पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि अपघाताचा धोका त्याचाच. त्याच्या पगारपत्रकावर तर कोणाचीच सही नसते. नीती आयोगाने २०२२ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असे म्हटले. कंत्राटदारीची ही पुढची पायरी आहे.

कायदा अजिबात गप्प आहे, असे नाही. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्याखालच्या केंद्राच्या १९७१ च्या नियमांत, मूळ मालकाच्या कामगारासारखेच काम करणाऱ्या ठेकेदाराच्या कामगाराला तेवढेच वेतन द्यावे, असे होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी खात्यांतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामाला समान वेतनाचा हक्क असल्याचे सांगितले. वाट बंद नाही. चालणाऱ्याने दहा-दहा वर्षे कोर्टात चालायचे, एवढीच अट आहे. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चारही कामगार संहिता लागू केल्या. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी केंद्राच्या जुन्या कायद्यात वीस कामगारांपासून लागू होत, आता त्या पन्नासपासून होतात. मुख्य कामांत कंत्राटी पद्धत नको, असे यांपैकी एक संहिता म्हणते खरे. पण सफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढ-उतार, हाउसकीपिंग, बागकाम, वाहतूक ही कामे मुख्य नव्हेत, अशी यादीही तीच देते. ही यादी वाचताना अंधेरी-घाटकोपरच्या रोजगाराची शिरगणती वाचतो आहोत असे वाटते. यात एक फट आहे. एखादी संस्था मुळात त्याच कामासाठी स्थापन झाली असेल, तर तिच्यापुरते ते मुख्य काम ठरते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ मध्ये साफसफाई हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. ज्या संस्थेच्या हाती कायद्यानेच झाडू दिला, तिच्यासाठी झाडणे दुय्यम आहे, असे न्यायालयात म्हणणे सरकारी वकिलालाही जड जाईल. राज्याने संहितेखालचे आपले नियम लिहिताना पालिकेची सफाई आणि बेस्टची वाहतूक ही मुख्य कामे असल्याचे नावानिशी लिहावे. प्रत्येक सार्वजनिक निविदेत वेतनाची रक्कम वेगळी काढावी, त्यावर बोली लावूच देऊ नये, आणि ती थेट कामगाराच्या खात्यात जमा करावी. सुरक्षारक्षक मंडळाच्या कक्षेत हाउसकीपिंग आणावे आणि कलम २३ खाली सूट घेणाऱ्या एजन्सीला दरवर्षी प्रत्येक रक्षकाचे तास आणि वेतन जाहीर करायला लावावे. एवढे झाले, तर पालिकेच्या पुढच्या सफाईच्या निविदेचा मसुदा नव्याने लिहावा लागेल.